सातबारा ते भोगवटा: घरांच्या बातम्या करू लागलेल्या पत्रकारासाठी

घरं आणि जमिनींच्या बीटवर नव्याने आलेल्या वार्ताहराकडे पहिल्या आठवड्यातच तीन गोष्टी चालून येतात. एका जनसंपर्क कंपनीचा फोन, कुठल्याशा प्रकल्पाच्या शुभारंभाचं निमंत्रण आणि जाहिरात विभागातल्या सहकाऱ्याचं ‘जरा बघून घ्या’. कागद मात्र आपणहून कोणी आणून देत नाही, तो शोधावा लागतो. या बीटची नीतिमत्ता बरीचशी याच कामात आहे: विकणारा काय म्हणतो आणि कागद काय म्हणतो, हे दोन्ही वेगळं ठेवायचं आणि वाचकालाही वेगळं दिसू द्यायचं. चित्रपटाचं परीक्षण चुकलं तर वाचकाचे तिकिटाचे पैसे जातात. घराची बातमी चुकली तर वीस वर्षांचे हप्ते जातात.

पुढचा क्रम महाराष्ट्रातल्या वार्तांकनासाठी आहे. इतर राज्यांत रेराची, म्हणजे स्थावर संपदा कायद्याची, यंत्रणा, जमिनीचे दप्तर आणि शुल्कं वेगळी असतात.

सुरुवात स्वतःपासून

पहिली बातमी देण्याआधी संपादकाला एक कागद लिहून द्या. त्यात स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि आईवडिलांच्या नावावरची घरं, जमिनी आणि बुक केलेले फ्लॅट लिहा. राहती सोसायटी पुनर्विकासात असेल तर तिच्या विकासकाचं नाव लिहा. बांधकाम, दलाली किंवा गृहकर्जाच्या व्यवसायात जवळचे नातेवाईक असतील तर तेही नोंदवा. म्हाडाच्या सोडतीत पत्रकारांसाठी राखीव प्रवर्ग आहे. त्यात अर्ज केला असेल किंवा घर लागलं असेल तर म्हाडाच्या बातम्या करण्याआधी तेही संपादकाला माहीत असायला हवं. अर्ज करण्यात गैर काही नाही, लपवण्यात आहे. हा कागद वर्षातून एकदा आणि प्रत्येक खरेदी-विक्रीनंतर नव्याने भरा.

भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत आर्थिक पत्रकारितेसाठी वेगळी कलमं आहेत. ज्या कंपनीत पत्रकाराचे आर्थिक हितसंबंध आहेत, तिच्यावर त्याने लिहू नये. भेटी, सवलती आणि सोयी घेऊ नयेत. कंपनीच्या खर्चाने दौरा झाला असेल तर बातमीत ते सांगितलंच पाहिजे. सांगायचं कसं, यातही पळवाटा निघतात. ‘कंपनीच्या सौजन्याने’ एवढं शेवटी बारीक अक्षरात टाकणं म्हणजे न सांगण्यासारखंच. एक सरळ वाक्य पुरतं: ‘या भेटीचा प्रवास आणि निवासाचा खर्च संबंधित कंपनीने केला.’ ते पहिल्या दोन परिच्छेदांत यावं.

मिठाईचा डबा, चांदीचं नाणं, पॉवर बँक असल्या वस्तूंचा निकाल सोपा आहे: परत करा, नाही जमलं तर कार्यालयात जमा करून नोंद ठेवा. खरा धोका ‘पत्रकारांसाठी खास दर’ या वाक्यात आहे. प्रति चौरस फूट ५०० रुपयांची सूट ७०० चौरस फुटांच्या घरावर साडेतीन लाख रुपये होते. त्यानंतर त्या बिल्डरच्या रखडलेल्या टॉवरवर तुम्ही काय लिहिणार? खुल्या योजनेत सगळ्यांना मिळते तीच सूट घ्यायला हरकत नाही, पण नोंद करा आणि त्या बिल्डरचं वार्तांकन दुसऱ्याकडे सोपवा.

आणखी एक गोष्ट वार्ताहराच्या हातात नसते, पण माहीत हवी. काही वृत्तसंस्था जाहिरातीच्या बदल्यात कंपनीचे शेअर घेतात. मालमत्ता व्यवसायात जाहिरातीच्या बदल्यात फ्लॅटही घेतले जातात. शेअरच्या अशा करारांबाबत शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०१० मध्ये माहिती उघड करण्याचा आग्रह धरला आणि प्रेस कौन्सिलनेही तो उचलून धरला: संबंधित कंपनीची बातमी देताना माध्यमाने आपला हिस्सा सांगावा. फ्लॅटला हाच नियम लावायला कोणाच्या आदेशाची गरज नाही. त्या बिल्डरशी तुमच्या संस्थेचा असा करार आहे का, हे संपादकाला विचारा. उत्तर टाळलं गेलं तर निदान तुमची बायलाइन, म्हणजे तुमचं नाव, तिथे जाऊ देऊ नका.

जाहिरात दिसली पाहिजे

मालमत्ता पुरवणी जाहिरातींवर चालते, हे मान्य करूनच नियम करावे लागतात. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द हवा. ‘विशेष उपक्रम’, ‘इम्पॅक्ट फीचर’, ‘ब्रँड स्टोरी’ या शब्दांतून सामान्य वाचकाला काहीच कळत नाही आणि ते बहुधा त्यासाठीच वापरलेले असतात. अशा मजकुराला वार्ताहराची बायलाइन नको, टंक वेगळा हवा, चौकट हवी. ऑनलाइन लेखात हा शब्द शीर्षकातच घाला. लेख व्हॉट्सॲपवर फिरतो तेव्हा पानावरचा लेबलचा पट्टा मागे राहतो, शीर्षक तेवढं पुढे जातं.

इथे कायद्याचीही एक बाजू आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यात, म्हणजे रेरात, ‘जाहिरात’ची व्याख्या फार रुंद आहे. कुठल्याही माध्यमातून, कुठल्याही रूपात केलेली प्रसिद्धी तिच्यात बसते. कलम ११ नुसार जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळक हवा. महाराष्ट्रात १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा आहे. म्हणून लेखाच्या वेषातली जाहिरात नोंदणी क्रमांकाशिवाय आली तर डेस्कने ती तिथेच थांबवावी. ‘प्री-लाँच’, ‘लवकरच येत आहे, आजच नाव नोंदवा’ असा मजकूर तर हमखास थांबवावा, कारण कलम ३ नुसार नोंदणीआधी जाहिरात आणि बुकिंग दोन्हीला मनाई आहे. नोंदणीतून सूट आहे ती ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला किंवा आठपर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला.

जाहिरात विभागाला बातमीचा मसुदा दाखवायचा नाही. पुरवणीत कोणत्या प्रकल्पावर लेख येणार, हे त्यांना छपाईनंतर कळलं तरी चालतं.

प्रकल्प तपासण्याचा क्रम

एका प्रकल्पाची बातमी असेल तर किमान पाच जागी पाहायचं. प्रेस नोट उघडण्याआधीच हे केलेलं बरं, कारण ती वाचली की डोळे तिनेच ठरवलेल्या गोष्टी शोधू लागतात.

पहिली जागा महारेराचं, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचं, संकेतस्थळ. प्रकल्पाचं पान उघडा आणि त्याच दिवशीच्या तारखेसह जतन करा, कारण माहिती बदलत राहते. पूर्णत्वाची मूळ तारीख आणि सुधारित तारीख दोन्ही टिपा. एकूण सदनिका किती, विकल्या किती, दावे आणि बोजे काय, हे पाहा. वास्तुविशारदाचं प्रपत्र १, अभियंत्याचं प्रपत्र २ आणि सनदी लेखापालाचं प्रपत्र ३ उघडून वाचा. प्रेस नोट ‘काम अंतिम टप्प्यात’ म्हणते तेव्हा प्रपत्र १ मध्ये लिफ्ट, पाण्याची जोडणी आणि अग्निशमन यंत्रणा किती टक्क्यांवर आहे ते बघा. सांगाडा उभा असतो आणि बाकी सगळं शून्यावर, असं पुष्कळदा दिसतं.

इथे नवशिका ठरावीक चुका करतो. एकाच नावाच्या प्रकल्पात टप्पा किंवा विंगनुसार वेगवेगळे नोंदणी क्रमांक असतात. पहिल्या टप्प्याचा फोटो आणि तिसऱ्या टप्प्याची किंमत एकाच बातमीत आली की वाचकाची फसवणूक होते. दुसरी चूक विलंब मोजण्यातली. कोविडमुळे २०२० मध्ये महारेराने प्रकल्पांना सहा महिने वाढवून दिले होते. ते लक्षात न घेता केलेला हिशेब बिल्डरचा वकील पहिल्याच पत्रात उडवून लावतो. तिसरी चूक शब्दांची. ‘नोंदणी स्थगित’ झाली की विक्री, जाहिरात आणि बँक खात्याचे व्यवहार थांबतात, पण नोंदणी ‘रद्द’ झालेली नसते. ‘मुदत संपलेला प्रकल्प’ ही तिसरीच स्थिती.

दुसरी जागा नियोजन प्राधिकरण: महापालिका, सिडको, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, जिथून परवानगी येते ते. रेरा क्रमांक आहे म्हणजे सगळं ठीक, हा समज डोंबिवलीने मोडला. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून तिथल्या ६५ इमारतींसाठी महारेराची नोंदणी मिळवली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. घर घेणाऱ्यांकडे रेरा क्रमांक होता. म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची, म्हणजे सीसीची, प्रत बिल्डरकडून घेतली तरी तिचा क्रमांक आणि तारीख महापालिकेच्या नगररचना किंवा इमारत प्रस्ताव विभागात पडताळा. सीसी कितव्या मजल्यापर्यंत आहे ते वाचा. ती अनेकदा जोत्यापर्यंत किंवा ठरावीक मजल्यांपर्यंतच असते आणि विक्री मात्र वरच्या मजल्यांचीही चाललेली असते. मुंबईत त्याआधी आयओडी मिळते. ती म्हणजे बांधकाम सुरू करण्याची मुभा नव्हे, अटींची यादी असते. ‘सर्व परवानग्या मिळाल्या’ या वाक्याला एकच उत्तर: कोणत्या, कितव्या तारखेच्या?

तयार घराच्या बातमीत भोगवटा प्रमाणपत्र, ओसी, आहे का ते पाहा. ‘ताबा दिला’ आणि ‘ओसी मिळाली’ या दोन वेगळ्या बातम्या आहेत. ओसीशिवाय लोक राहायला जातात आणि मग पाणीजोडणीपासून पुनर्विक्रीपर्यंत सगळीकडे अडतात. ओसी एखाद्या विंगपुरती असू शकते, तेही लिहा.

तिसरी जागा जमीन. गावठाणाबाहेर सातबारा, नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा माहितीपुरता असतो. पुरावा म्हणून हवा असेल तर डिजिटल स्वाक्षरीचा काढा. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते पाहा, कारण वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा, कुळ, न्यायालयाचे मनाई आदेश सापडतात. तिथे दिलेले फेरफार क्रमांक घेऊन फेरफार वाचा, बातमी बहुतेक वेळा तिथेच दडलेली असते.

पुण्याच्या किंवा पनवेलच्या आसपासच्या ‘एनए’, म्हणजे बिगरशेती, प्लॉटच्या योजनांकडे विशेष लक्ष द्या. ‘प्रस्तावित एनए’ म्हणजे जमीन आजही शेतीचीच आहे, आणि महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. एकाच सातबाऱ्यावर पाच-दहा अनोळखी लोकांची नावं सामाईक चढवून ‘स्वतःचा प्लॉट’ विकला जातो. त्यात हद्द कोणाचीच ठरलेली नसते. तुकडेबंदीचे, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीचे, नियम अलीकडे बरेच बदलले आहेत. बातमी देता त्या दिवशी लागू असलेला शासन निर्णय वाचल्याशिवाय ‘आता गुंठ्यांची खरेदी मोकळी’ असं शीर्षक देऊ नका. त्या शीर्षकावर लोक इसार देऊन मोकळे होतात.

चौथी जागा दस्त. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-शोध सेवेवर सूची क्रमांक २ पाहता येते. तीत मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ, पक्षकार, दस्त करून दिल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख असते. यातला ‘बाजारभाव’ हा रकाना नव्या माणसाला हमखास फसवतो. तो वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून, म्हणजे रेडी रेकनरवरून, मुद्रांक शुल्कासाठी काढलेला आकडा असतो. घर कितीला गेलं ते ‘मोबदला’ या रकान्यात असतं, आणि रोखीत काय गेलं असेल ते कुठेच नसतं.

पाचवी जागा प्रत्यक्ष ठिकाण. विक्री कार्यालयाच्या गाडीतून जाऊ नका. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असेल तर सकाळी नऊ वाजता स्टेशनच्या जिन्यापासून प्रकल्पाच्या फाटकापर्यंत चालत जा आणि लागलेला वेळ लिहा. शेजारच्या सोसायटीत पाणी कधी येतं, टँकर किती लागतात, हे तिथल्या वॉचमनला आणि सेक्रेटरींना विचारा. आसपासच्या नाल्याची आणि पावसाळ्यातल्या पाण्याची खूण भिंतींवर दिसते. ब्रोशरमधलं चित्र छापायचं असेल तर खाली ‘संगणकावर केलेलं कल्पनाचित्र’ असं लिहा आणि शक्य तर शेजारी जागेचा आजचा फोटो द्या.

‘प्रस्तावित मेट्रोजवळ’ या शब्दांसाठी डेस्कवर वेगळी शिस्त हवी. प्रस्ताव, सविस्तर अहवाल, मंत्रिमंडळाची मंजुरी, निविदा, काम सुरू, प्रवासी सेवा सुरू. बातमीत यांतला नेमका टप्पा लिहा. नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. भूमिपूजनाच्या कितीतरी आधीपासून उलवे-पनवेलमध्ये ‘विमानतळाजवळची घरं’ विकली जात होती.

आकडे

क्षेत्रफळ नेहमी चटई क्षेत्रफळात, म्हणजे कार्पेटमध्ये द्या. रेराच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. बिल्डर अजूनही ‘सेलेबल’, म्हणजे सामाईक जागांचा वाटा धरून, १००० चौरस फूट सांगतो. हा वाटा (लोडिंग) कार्पेटच्या ४० टक्के धरला असेल तर कार्पेट उरतं ७१४. दोन प्रकल्पांच्या दरांची तुलना करताना एकाचा दर सेलेबलवर आणि दुसऱ्याचा कार्पेटवर असेल तर ती तुलना फेकून द्या. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट, आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. हे दोन आकडे पाठ करून टाका.

किंमत म्हणून जाहिरातीतला ‘पासून पुढे’चा आकडा देऊ नका. पूर्ण खर्च मांडा. पुणे महापालिकेच्या हद्दीत बांधकाम सुरू असलेलं ६५० चौरस फूट कार्पेटचं घर १२,००० रुपये दराने घेतलं तर मूळ किंमत होते ७८ लाख. मुद्रांक शुल्क आणि त्यावरचे अधिभार मिळून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ४६ हजार. नोंदणी शुल्क १ टक्का, पण कमाल मर्यादा ३० हजारांची, म्हणून ३० हजार. जीएसटी ५ टक्के, ३ लाख ९० हजार. एकूण ८७ लाख ६६ हजार. पार्किंग, क्लब हाउस, देखभालीची आगाऊ रक्कम आणि वकिलाची फी यात नाही. घराला ओसी मिळाली असेल तर जीएसटी लागत नाही. घर ४५ लाखांच्या आतलं आणि परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणारं असेल तर तो १ टक्का. रेडी रेकनरचं मूल्य करारातल्या किमतीपेक्षा जास्त असेल तर मुद्रांक शुल्क त्या मूल्यावर लागतं. दर बदलले की ही चौकट त्याच दिवशी दुरुस्त करायची.

पार्किंगच्या किमतीपाशी थांबा. मोकळी किंवा स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, जागा बिल्डर स्वतंत्रपणे विकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुंबईच्या एका सोसायटीच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. दरपत्रकात ‘ओपन पार्किंग, ४ लाख’ दिसलं तर तीच बातमी.

भाववाढीच्या बातम्यांना आणखी जास्त संशय लागतो. ‘घरं १२ टक्क्यांनी महागली’ हा अहवाल बहुतेक वेळा सल्लागार कंपनीचा किंवा मालमत्ता पोर्टलचा असतो आणि त्यांचं उत्पन्न विक्रीवर किंवा बिल्डरांवर अवलंबून असतं. ते बातमीत सांगा. नंतर विचारा: हे दर मागितलेले की नोंदवलेले? नवे प्रकल्प की जुनी घरं? सरासरी की मध्यक? तिमाहीत दोन महागडे टॉवर बाजारात आले तर सरासरी उडी मारते आणि तुमच्या गल्लीतला भाव जागचा हलत नाही. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा रेसिडेक्स आणि रिझर्व्ह बँकेचा घरकिंमत निर्देशांक शेजारी ठेवून पाहा. दिशा जुळत नसेल तर तेही लिहा.

दर महिन्याच्या दस्तनोंदणीच्या आकड्यांचंही असंच. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी कमी केलं होतं आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये २ टक्क्यांनी. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत नोंदणी विक्रमी झाली, ती सवलत कमी होण्याआधीची घाई होती. शिवाय शुल्क भरून दस्त केल्यावर नोंदणीला चार महिन्यांची मुदत असते, म्हणून एका महिन्याचा व्यवहार दुसऱ्या महिन्याच्या आकड्यात दिसतो. अशा काळाशी तुलना करून ‘मागणी कोसळली’ म्हणणं चुकीचं. आकड्यात गहाणखत, बक्षीसपत्र धरलं आहे की नाही, तेही विचारा.

शब्द जपून

महारेराकडे ‘तक्रार’ आणि महारेराचा ‘आदेश’, आदेश आणि ‘वसुली वॉरंट’, वॉरंट आणि प्रत्यक्ष ‘वसुली’ या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, पैसे ग्राहकाच्या हाती पडले की नाही ते ग्राहकालाच विचारा. आदेशाविरुद्ध ६० दिवसांत अपिलीय न्यायाधिकरणाकडे जाता येतं, म्हणून ‘अंतिम निकाल’ लिहिण्याआधी कॅलेंडर बघा. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला म्हणजे कंपनी ‘दिवाळखोर’ झाली असं होत नाही. निराकरण प्रक्रिया सुरू झालेली असते आणि २०१८ च्या दुरुस्तीपासून घर घेणारेही तीत वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखेच कंपनीकडून पैसे येणं असलेले, असतात. त्यांना दावा दाखल करायला मुदत असते. ती तारीख बातमीत देणं हे मथळ्यातल्या ‘दिवाळखोर’पेक्षा शंभरपट उपयोगाचं.

‘लक्झरी’, ‘प्राइम लोकेशन’, ‘गुंतवणुकीची सुवर्णसंधी’ हे शब्द बातमीतून काढा. ‘अतिक्रमण’, ‘घुसखोर’, ‘फुकटी घरं’ हेही काढा, कारण तेही कोणाची तरी जाहिरातच करतात. झोपडपट्टी योजनेत परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे रहिवाशांच्या पात्रता यादीत, ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ असे शब्द आहेत. अपात्र म्हणजे बेकायदा माणूस नव्हे, त्या योजनेच्या निकषांत आणि कागदांत न बसलेला.

‘जुनी इमारत कोसळली’ हे वाक्य बोटांतून आपोआप येतं, तेही आवरा. मुंब्र्याच्या लकी कंपाउंडमध्ये ४ एप्रिल २०१३ ला ७४ माणसं गेली, ती इमारत बांधली जात होती. महाडची ऑगस्ट २०२० मध्ये पडलेली इमारत दहा वर्षांचीही नव्हती. वय आधी तपासा, विशेषण नंतर.

मुंबईत इमारत ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक जाहीर झाली की दोन बाजू समोर येतात. भाडेकरू म्हणतात, मालकाला जागा रिकामी करायची आहे. मालक म्हणतो, लोक जिवाशी खेळत आहेत. दोघेही खरे असू शकतात. संरचनात्मक तपासणी कोणी केली, पैसे कोणी दिले, दुसऱ्या बाजूचा अहवाल आहे का, प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे गेलं का, हे विचारल्याशिवाय एका बाजूचा शब्द मथळ्यात नेऊ नका.

माणसं

पाडकामाच्या बातमीत रडणारा चेहरा मिळतो आणि तो पहिल्या पानावर जातो. त्याला हरकत नाही, पण त्या घराचा कागदही त्याच बातमीत हवा. वरळीच्या कॅम्पा कोला आवाराचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. पाचव्या मजल्याच्या वरचे सगळे मजले बेकायदा ठरवून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये कारवाई कायम केली. १३ नोव्हेंबर २०१३ ला कारवाई सुरू असताना त्याच न्यायालयाने माध्यमांतल्या बातम्यांची स्वतःहून दखल घेतली आणि ३१ मे २०१४ पर्यंत स्थगिती दिली. माध्यमांच्या दृश्यांत एवढी ताकद असते. ती ताकद वरळीच्या रहिवाशांना मिळाली, तशी मालवणी किंवा गोवंडीच्या गरीब वस्त्यांतल्या पाडकामाला किती वेळा मिळते, हा प्रश्न संपादकीय बैठकीत विचारायला हवा.

मुलांचे चेहरे, घरातलं सामान उघडं पडलेलं असतानाचे फोटो, दारावरचे क्रमांक टाळा. ‘अपात्र’ ठरलेल्याचं नाव छापण्याआधी त्याला विचारा, स्थानिक दबावाचा फटका त्याला बसतो, बातमी छापणाऱ्याला नाही.

नामवंतांच्या घरखरेदीच्या बातम्या सूची २ वरून येतात. किंमत आणि परिसर छापा, मजला आणि सदनिका क्रमांक नको. दस्ताच्या पूर्ण प्रतीत सही, अंगठा, फोटो, कधी पॅन क्रमांकही असतो, त्यामुळे दस्ताचं पान जसंच्या तसं कधीच प्रसिद्ध करू नका.

‘फक्त शाकाहारींना’, ‘अमुक समाजालाच’, ‘बॅचलर नकोत’ अशा छोट्या जाहिराती घ्यायच्या की नाही, हे संस्थेने लेखी ठरवावं. आमच्या मते धर्म, जात किंवा प्रांतावर अडवणाऱ्या जाहिराती घेऊ नयेत. २००५ मध्ये एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व समाजापुरतं ठेवणारी उपविधी मान्य केली होती, म्हणून ‘हे सरसकट बेकायदा आहे’ असंही ठोकून देऊ नका. कोणाला घर नाकारल्याची बातमी करताना आरोप करणाऱ्याकडचे संदेश आणि कॉल यांच्या नोंदी बघा आणि सोसायटीला किंवा दलालाला त्याच दिवशी विचारा.

दुसरी बाजू

बिल्डरला प्रश्न लेखी पाठवा आणि क्रमांक घालून पाठवा. ‘आपली प्रतिक्रिया काय?’ हा प्रश्न नव्हे. ‘महारेराच्या पानावर पूर्णत्वाची तारीख दोनदा बदललेली दिसते, कारण काय?’ हा प्रश्न. शोधबातमीसाठी किमान ४८ तास द्या. संध्याकाळी सहाला मेल करून आठला ‘प्रतिसाद मिळाला नाही’ लिहिणं ही चलाखी आहे आणि अब्रुनुकसानीच्या दाव्यात तीच अंगावर येते. भारतीय न्याय संहितेत हा गुन्हा कलम ३५६ खाली येतो. ‘फरार’, ‘घोटाळेबाज’ हे शब्द पोलिसांच्या किंवा न्यायालयाच्या कागदात असतील तरच वापरा, तेही त्यांच्या नावाने. उत्तर आलं तर त्यातला मुद्द्याचा भाग संपूर्ण द्या, पण मसुदा मंजुरीसाठी पाठवू नका.

खरेदीदारांच्या व्हॉट्सॲप गटावरची माहिती सुगावा म्हणून चांगली, पुरावा म्हणून कच्ची. गटातल्या दोघा-तिघांचे नोंदणीकृत करार, भरल्याच्या पावत्या आणि बिल्डरचे मेल स्वतः पाहा. कराराआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेतलेली दिसली तर रेराच्या कलम १३ चा भंग कागदावरच सिद्ध होतो.

बिल्डरला माहिती अधिकार लागू नाही, पण परवानगी देणाऱ्या कार्यालयाला आहे. अर्ज एकाच विषयावर, महाराष्ट्रात १५० शब्दांच्या आत, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सर्व माहिती द्यावी’ लिहिलं की अर्ज अडतो. सीसीचा क्रमांक, मंजूर नकाशाची प्रत, जोतं तपासणीचा अहवाल, असं नेमकं मागा.

छापल्यानंतर

चूक निघाली तर दुरुस्ती त्याच पानावर आणि ऑनलाइन लेखात वरच्या भागात, काय चुकलं होतं ते सांगून. गुपचूप आकडा बदलू नका, जुन्या आकड्याचे स्क्रीनशॉट खरेदीदारांकडे असतात. तुमच्याच पानावर जाहिरात आलेल्या प्रकल्पावर महारेराची कारवाई झाली किंवा जाहिरात मानक परिषदेने ती जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली, तर ती बातमी ठळक द्या. जाहिरातीवरच्या अशा ठपक्याची बातमी वृत्तपत्राने छापावी, असं प्रेस कौन्सिलचे निकषही सांगतात.

बीटची एक वही ठेवा, किंवा साधी एक्सेल फाइल. लिहिलेल्या प्रत्येक प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, पूर्णत्वाची जाहीर तारीख आणि तपासलेल्या कागदांच्या प्रती तीत असू द्या. तारीख उलटली की महारेराचं पान पुन्हा उघडा, ओसीसाठी नियोजन प्राधिकरणाकडे विचारा, दोन खरेदीदारांना फोन करा आणि जुन्या लेखाखाली तारखेसह नवी स्थिती जोडा: ताबा मिळाला, मुदत वाढली किंवा काम बंद आहे.